पाण्याच्या वाटेने केफालोनिया : कातावोथ्रेस ते मेलिसानी

ग्रीसच्या केफालोनिया बेटावर जाणारी बहुतेक मंडळी मेलिसानीच्या गुहेत होडीतून एक चक्कर मारतात, निळ्या पाण्याचे फोटो काढतात आणि तासाभरात पुढच्या किनाऱ्याकडे निघून जातात. गुहा सुंदर आहेच, त्यात वाद नाही. पण नुसती गुहा पाहिली तर निम्मंच पाहिलं. तिच्यातल्या पाण्याचा एक भाग बेटाच्या पश्चिमेला, आर्गोस्तोली गावाजवळ, समुद्रातून जमिनीत शिरतो. बेटाच्या पोटातून सुमारे १५ किलोमीटर जाताना त्याला डोंगरावर मुरलेलं पावसाचं पाणी मिळतं आणि पूर्वेला सामी गावाच्या अंगाला ते सगळं वर येतं. म्हणून आम्ही ही सहल पाण्याच्या क्रमाने आखली. आधी पाणी आत जातं ती कातावोथ्रेस नावाची जागा, मग डोंगर, मग गुहा आणि शेवटी पुन्हा समुद्र. जमलं तर हाच क्रम ठेवा. उलट दिशेने गेलात तर पश्चिमेची जागा म्हणजे किनाऱ्यावरची एक साधी भेग वाटेल.

पोचायचं कसं, ते थोडक्यात. अथेन्सहून विमानाने तासाभरात बेटावर उतरता येतं. विमानतळ आर्गोस्तोलीच्या दक्षिणेला अगदी जवळ आहे. फेरीने यायचं तर मुख्य भूमीवरच्या पात्राहून बेटावरच्या सामीला साधारण तीन तास, किलिनीहून पोरोसला दीड तास. फेऱ्यांचं वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं, तेव्हा तिकीट काढताना त्या आठवड्याचं पाहा, गेल्या वर्षीचं नाही. बेटावर बस आहे, पण फेऱ्या कमी आणि गुहा, डोंगर, किनारे एकमेकांपासून लांब. गाडी भाड्याने घेणं हाच खरा मार्ग. भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट लागतं आणि ते भारतातून निघण्यापूर्वीच आरटीओतून काढून घ्यावं लागतं. अनामत रकमेसाठी क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. विम्यात टायर आणि गाडीचा खालचा भाग बहुधा धरलेला नसतो, आणि इथल्या कच्च्या रस्त्यांवर मार बसतो तो नेमका तिथेच. नकाशाच्या ॲपने डोंगरातून जवळचा रस्ता दाखवला तरी मुख्य रस्ता सोडू नका.

पहिला दिवस : आर्गोस्तोली, पाणी आत जातं ती जागा

आर्गोस्तोली ही बेटाची राजधानी, पण जुनी घरं शोधत फिरू नका. ऑगस्ट १९५३ मध्ये एकामागून एक भूकंप झाले. त्यातला १२ तारखेचा सगळ्यांत मोठा, ७ रिश्टरच्या आसपासचा. उत्तर टोकाचं फिस्कार्दो सोडलं तर बेटावर उभं असं फारसं काही राहिलं नाही. आजचं आर्गोस्तोली त्यानंतर बांधलेलं आहे. जुन्यापैकी टिकला तो द बोसे पूल. ब्रिटिशांच्या नोकरीतल्या स्विस अधिकाऱ्याने १८१३ साली तो आधी लाकडाचा बांधला, पुढे दगडाचा झाला. लांबी जवळपास ६९० मीटर. आता त्यावर वाहनांना बंदी आहे आणि संध्याकाळी अख्खं गाव तिथे फिरायला येतं.

कातावोथ्रेसला जायचं तर गावातून उत्तरेकडे किनाऱ्याच्या रस्त्याने सुमारे अडीच-तीन किलोमीटर. रस्ता सपाट आहे, दोन्ही बाजूंना पाइनची झाडं आहेत, चालत जावं. गाडी नेलीत तर जागेवरून पुढे निघून जाण्याचीच शक्यता जास्त, कारण लांबून दिसतं ते फक्त एक पाणचक्कीचं चाक.

इथे समुद्राचं पाणी किनाऱ्यावरच्या खडकात खोदलेल्या अरुंद चरातून आत येतं आणि समुद्राकडे पाठ करून जमिनीच्या दिशेने वाहत जातं. किनाऱ्यावर लाट येते आणि परत जाते, एवढंच आपल्या डोळ्यांना माहीत असतं. इथे पाणी परत जातच नाही. चराच्या कडेला उकिडवं बसून पाण्यावर तरंगणाऱ्या एखाद्या पाइनच्या सुईवर नजर ठेवा. ती हळूहळू आत सरकते, वळणावर जरा रेंगाळते, खडकाच्या भेगेशी आली की एक गिरकी घेते आणि नाहीशी होते. पाणी कुठे साचत नाही, तुंबत नाही. मुद्दाम काही टाकून पाहू नका. आत गेलेला कचरा बाहेर काढायला कुणी जाऊ शकत नाही.

स्टीव्हन्स नावाच्या इंग्रजाने १८३५ साली या प्रवाहावर पाणचक्की बसवली आणि पुढे तिथे आणखी एक चक्की आली. समुद्राचं पाणी जमिनीत उतरताना दळण दळून द्यायचं. तेव्हा ओढ चांगलीच जोरदार होती. १९५३ च्या भूकंपात बेटाची जमीन काही ठिकाणी अर्ध्या मीटरहून जास्त वर उचलली गेली आणि इथला प्रवाह मंदावला. आज दिसणारं चाक केवळ आठवण म्हणून उभं केलेलं आहे. हे माहीत नसलेले लोक मोठ्या भोवऱ्याची अपेक्षा घेऊन येतात आणि दोन मिनिटांत परत फिरतात. दहा मिनिटं एका जागी बसलात तरच इथे काही दिसतं.

हे पाणी जातं कुठे, याचं उत्तर १९६३ मध्ये मिळालं. मॉरिन आणि त्स्योटल या ऑस्ट्रियन भूजलतज्ज्ञांनी इथे युरॅनिन नावाचं हिरवी झाक देणारं रंगद्रव्य पाण्यात सोडलं, दीडशे किलोच्या आसपास. मग बेटाभोवतीच्या झऱ्यांचे नमुने घेत राहिले. साधारण दोन आठवड्यांनी रंग सापडला तो पार पलीकडच्या बाजूला : मेलिसानीच्या गुहेत, काराव्होमिलोसच्या तळ्यात आणि सामीजवळच्या झऱ्यांत. सरळ रेषेत मोजलं तर दिवसाला एक किलोमीटर. पोटातल्या वाटा सरळ नसणार, म्हणजे खरा वेग त्याहून जास्त.

आता यातला पेच. समुद्र इथेही समुद्रसपाटीला आणि तिथेही. मग पाणी इकडून तिकडे जाईलच का? उत्तर डोंगरात आहे. बेटाच्या मधोमध उभ्या असलेल्या एनोस पर्वतावर पडणारा पाऊस चुनखडीत मुरतो आणि भेगांतून खोलवर उतरतो. तिथे त्याची गाठ खाऱ्या पाण्याशी पडते. गोडं पाणी मिसळलं की मिश्रण समुद्राच्या पाण्यापेक्षा हलकं होतं. हलकं पाणी पूर्वेकडच्या वाटांनी वर चढतं, समुद्रसपाटीच्या जरा वरपर्यंत येतं, आणि त्याची रिकामी जागा भरायला पश्चिमेकडून खारं पाणी आत ओढलं जातं. थोडक्यात, अख्खा डोंगर पंपाचं काम करतो.

तिथून तसंच पुढे गेलं की आयी थेओदोरीचा दीपस्तंभ. वीस दोरिक खांबांचं गोल बांधकाम. मूळचं १८२८ चं, भूकंपात पडलं, १९६० मध्ये जुन्या आराखड्यावर पुन्हा बांधलं. सूर्यास्ताला इथेच थांबावं, समोर खाडीपलीकडे पालिकीचा डोंगराळ भाग दिसतो. हा दीपस्तंभ चार्ल्स नेपियरच्या अमदानीतला. १८२२ ते १८३० या काळात तो इथला ब्रिटिश कारभारी होता. मुंबई इलाख्याच्या फौजेवरची नेमणूक घेऊन १८४१ च्या अखेरीस पुण्यात आला आणि १८४३ मध्ये ज्याने सिंध घेतलं, तोच हा नेपियर. बेटावरच्या रस्त्यांच्या कामात त्याचा उजवा हात होता जॉन पिट केनेडी नावाचा इंजिनियर. तो पुढे हिंदुस्थानात आला आणि बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या उभारणीत पुढे होता. आजची पश्चिम रेल्वे ती हीच. चर्चगेटहून लोकल पकडणाऱ्या माणसाचा केफालोनियाच्या घाटरस्त्यांशी असा दूरचा संबंध लागतो.

रात्रीच्या जेवणाबद्दल, खास शाकाहारी मंडळींसाठी. बेटाची ओळख असलेला पदार्थ क्रेआतोपिता, म्हणजे दोन-तीन प्रकारचं मांस आणि तांदूळ भरलेला 'पाय' (इंग्रजी pie). मांस खाणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा, तुकडा मोठा असतो, दोघांत एक पुरतो. शाकाहाऱ्यांनी 'होरिस क्रेआस, होरिस प्सारी' म्हणजे मांस नको, मासे नकोत, एवढं सांगितलं की काम होतं. मात्र रस्सा कशात शिजवला आहे ते वेगळं विचारा. ब्रिआम (भाज्या ऑलिव्ह तेलात भाजून), गिगान्देस (मोठे पांढरे राजमे टोमॅटोत), होर्ता (उकडलेल्या रानभाज्या, वर लिंबू) हे जवळपास सगळीकडे मिळतं. रिगानादा चुकवू नका. कडक वाळवलेला पाव पाण्याने जरा ओलवून त्यावर किसलेला टोमॅटो, फेटा, ओरेगानो आणि हात सैल सोडून ऑलिव्ह तेल. पाव कडेला कुरकुरीत आणि मध्ये मऊ असेल तर जमला. सगळाच भिजून लगदा झाला असेल तर आधी करून ठेवलेला समजावा. आलिआदा ही लसूण-बटाट्याची झणझणीत चटणी बहुतेक वेळा कॉड माशासोबत येते, पण नुसतीही मागता येते आणि पावाला लावून उत्तम लागते.

दुसरा दिवस : ओमाला आणि एनोस, डोंगरातलं पाणी

सकाळी लवकर उठून आर्गोस्तोलीच्या धक्क्यावर जावं. कोळी जाळी साफ करतात, मासळीचे टाकाऊ तुकडे पाण्यात पडतात आणि त्यासाठी मोठी समुद्री कासवं धक्क्याला अगदी लागून येतात. ही लॉगरहेड जातीची. पाठीवर शेवाळ, जाडजूड डोकं, श्वास घ्यायला वर आलं की स्पष्ट फुस्स असा आवाज. त्यांना खायला घालू नये आणि हात लावू नये, तसे फलकही आहेत. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान गेलात तर सहसा निराशा होत नाही. समुद्र खवळलेला असेल, बोटी बाहेर पडल्याच नसतील, तर मात्र कासवंही येत नाहीत.

तिथून सामीच्या रस्त्याला लागून ओमालाच्या खोऱ्यात शिरायचं. चारही बाजूंना डोंगर, मध्ये सपाट जमीन आणि बाहेर जाणारी नदी कुठेच नाही. आपल्याकडे सह्याद्रीत एवढ्या पावसावर ओढे, धबधबे, नद्या सगळं दिसलं असतं, कारण काळा पाषाण पाणी सहजी आत घेत नाही. इथे चुनखडी आहे. पावसाचं पाणी हवेतून आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं आणि चुनखडी विरघळवत भेगा रुंद करत जातं. हजारो वर्षांत भेगांची भुयारं होतात. म्हणून या खोऱ्याचं पाणी वाहून जात नाही, खाली जातं.

खोऱ्यात संत गेरासिमोस यांचा मठ आहे. हे बेटाचे रक्षक संत, १५७९ मध्ये त्यांचं निधन झालं. जुन्या छोट्या चर्चच्या फरशीत एक अरुंद भोक आहे, त्यातून लोखंडी शिडीने खाली उतरलं की ते राहत असत ती गुहा. भोक खरोखर अरुंद आहे. पाठीवरची सॅक काढून ठेवावी लागते, गुडघे दुखणाऱ्यांनी आणि बंद जागेची धास्ती असणाऱ्यांनी उतरू नये. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे हवेत. १६ ऑगस्ट आणि २० ऑक्टोबर हे उत्सवाचे दिवस. संतांचा देह मिरवणुकीने बाहेर काढतात आणि आजारी माणसं रस्त्यावर ओळीने आडवी होतात, त्यांच्यावरून तो नेला जातो. वारीत पालखीखालून जाणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना यातला भाव समजावून सांगावा लागत नाही. त्या दिवशी मात्र खोऱ्यात गाडी लावायला जागा मिळणार नाही हे धरून चाला.

मठाच्या आसपासच रोबोलाचे द्राक्षमळे आहेत. वेली इतक्या गोट्यांत लावलेल्या असतात की खाली माती आहे की नाही अशी शंका येते. पाणी खाली निघून जातं, मुळं त्याच्या मागे खोल जातात. वाइन पांढरी, लिंबासारखा आंबटपणा असलेली. सहकारी वाइनरीत चव पाहता येते. पुढे घाट चढायचा असेल तर चालकाने मात्र चव घेऊ नये.

एनोस १,६२८ मीटर उंच आहे. वरच्या अंगाला ग्रीक फरचं दाट जंगल आहे. या झाडाचं शास्त्रीय नावच आबिएस सेफालोनिका, बेटावरून दिलेलं. जंगल लांबून इतकं गडद दिसतं की व्हेनिसवाले याला काळा डोंगर म्हणत. १९६२ पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे. गाडी बरीच वरपर्यंत जाते, पुढे मेगास सोरोस या शिखरापर्यंत चालायचं. खाली ३२ अंश असताना वर सरळ स्वेटर लागतो, आणि दुपारनंतर ढग येऊन बसले की समोरची झाडंही दिसत नाहीत. म्हणून मठ दुपारी, डोंगर सकाळी असा क्रमही चालेल. हवामान पाहून ठरवा. दक्षिण उतारावर अर्गिनियाच्या वरच्या बाजूला अर्धवट रानटी घोड्यांचा छोटा कळप फिरतो. दिसला तर नशीब, शोधायला कच्च्या रस्त्यावर गाडी घालू नये.

ढगांतून चालताना झाडांच्या सुयांवरून पाणी ठिबकत असतं आणि पायाखालची जमीन तरी कोरडी. तळी नाहीत, ओढे नाहीत. ते सगळं पाणी तिसऱ्या दिवशी दिसायचं होतं.

तिसरा दिवस : द्रोगाराती, मेलिसानी, काराव्होमिलोस

आर्गोस्तोली ते सामी साधारण २४ किलोमीटर, घाटाचा रस्ता, पाऊण तास धरा. रस्त्यात अचानक शेळ्या येतात, वळणावर वेग कमीच ठेवावा. सामीच्या अलीकडे हालिओताता गावाजवळ द्रोगारातीचा फाटा लागतो. ही गुहा आधी पाहावी. एक तर वाटेवर आहे, आणि मेलिसानीला लवकर जाऊन उपयोग नाही. का, ते पुढे येतं.

द्रोगारातीचं तोंड सुमारे तीनशे वर्षांपूर्वी भूकंपात छताचा भाग खचून उघडं पडलं असं सांगतात. लोकांसाठी ती १९६३ मध्ये खुली झाली. सरळ खाली उतरणाऱ्या पायऱ्या आहेत, ओल्या आणि गुळगुळीत झालेल्या, कठडा धरूनच उतरायचं. चपला, स्लीपर नकोत. आत तापमान बारा महिने १८ अंशांच्या आसपास आणि हवेत प्रचंड ओल, त्यामुळे चष्मा आणि कॅमेऱ्याची काच लगेच धुकते. कॅमेरा बाहेर काढून पाच मिनिटं थांबलात की काच आपोआप साफ होते. पुसत बसलात तर पुन्हा धुकते.

खालचं मोठं दालन ६५ मीटर लांब, ४५ मीटर रुंद, २० मीटर उंच. छतावरून लोंबणारे लवणस्तंभ, काही पिवळट, काही तांबूस. सेंटीमीटरभर वाढायला शंभरेक वर्षं लागतात, असा हिशेब सांगतात. काही तुटलेले आहेत. थोडे भूकंपाने, थोडे माणसांनी. आवाज इतका स्वच्छ घुमतो की इथे मैफली होतात. कुणी नसेल तेव्हा टाळी वाजवून पाहा. दालनाच्या टोकाला उभं राहिलं की ठिबकण्याचा आवाज सगळीकडून येतो. डोंगरावर मुरलेलं पाणी वाटेत असतानाच इथे भेटतं, म्हणून ही गुहा मेलिसानीच्या आधी. अर्धा ते पाऊण तास पुरतो.

आता मेलिसानी. सामीच्या वायव्येला सुमारे दोन किलोमीटरवर, काराव्होमिलोस गावाला लागून. वाहनतळ आहे, तिकीट खिडकी आहे, सुटे पैसे जवळ असावेत. तिकिटाचे दर आणि वेळा हंगामाप्रमाणे बदलतात. साधारण मे ते ऑक्टोबर रोज उघडी असते, हिवाळ्यात भरवसा नाही.

वेळेचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. बहुतेक ठिकाणी 'दुपारी बाराला जा' असं लिहिलेलं सापडतं. ग्रीसचं उन्हाळ्यातलं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या तीन तास पुढे असतं, आणि केफालोनिया देशाच्या पार पश्चिमेला, २०.६ अंश पूर्व रेखांशाजवळ. हिशेब मांडला तर जून-जुलैत सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी १:४० च्या सुमारास, सप्टेंबरच्या मध्यात १:३० ला. बारा वाजता ऊन पाण्यापर्यंत पोचतं, पण तिरकं. आर्गोस्तोलीच्या क्रूझ जहाजांवरून येणाऱ्या बसगाड्याही साधारण दुपारी एकच्या आधीच गर्दी करतात. म्हणून सव्वा ते दोन ही वेळ धरावी. उंचीचाही फरक पडतो. जूनच्या शेवटी मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ७५ अंशांवर असतो, सप्टेंबरच्या मध्यात ५५, ऑक्टोबरच्या मध्यात जेमतेम ४३. विवराचा काठ पाण्यापासून सुमारे २० मीटर वर आहे, त्यामुळे ऑक्टोबरात बरंचसं ऊन पाण्यापर्यंत न येता उत्तरेकडच्या भिंतीवरच अडतं. ढगाळ दिवशी गेलात तर पाणी हिरवट-करडं दिसतं. आकाश भरून आलं असेल तर दिवसांची अदलाबदल करा, हट्ट करू नका.

आत जायला कृत्रिम भुयार खोदलं आहे, उतरतं आणि थोडं निसरडं. भुयाराच्या टोकाला छोटा धक्का. तिथे वल्ह्यांच्या होड्या लागतात. चढताना होडी चांगलीच डुलते, लहान मुलं आणि वयस्कर मंडळींना आधी बसवावं. कडेची जागा मिळाली तर उत्तम, कारण खरी पाहायची गोष्ट होडीच्या खाली आहे.

पहिलं दालन छत नसलेलं. वर लंबगोल आकाश, काठावर झाडं, वेली खाली लोंबलेल्या. ऊन झोताने पाण्यात शिरतं आणि तळापर्यंत जातं. पाणी इतकं नितळ की पंधरा-वीस मीटर खालचे दगड मोजता येतात, आणि होडीची सावली तळावर वेगळी पडलेली दिसते. होडी हवेत टांगली आहे असं वाटण्याचं कारण ही सावली. निळा रंगही कुठून उसना आणलेला नाही. पाणी प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतं, तळाची फिकट चुनखडी उरलेला निळा परत वर पाठवते. सावलीच्या कडेला तोच निळा क्षणात काळपट होतो. तळं साधारण १६० मीटर लांब आहे, काही ठिकाणी खोली ३० मीटरच्या पुढे जाते.

बोट बुडवून जिभेला लावून पाहा. पाणी मचूळ आहे. समुद्राइतकं खारट नाही, विहिरीसारखं गोडही नाही. कातावोथ्रेसची भेग आणि एनोसचे ढग, दोन्ही त्यात आहेत. पोहायला मात्र बंदी आहे.

मग होडी एका अरुंद जागेतून दुसऱ्या, झाकलेल्या दालनात शिरते. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा मिनिट लागतो. इथे लवणस्तंभ आहेत, भिंती ओल्या. होडीवाले काका वल्ही आवरून घेतात आणि मोठ्याने गाऊ लागतात. छत आवाज परत देतं. काही जण प्रवाशांनाही गा म्हणून आग्रह करतात, लाजू नये. मराठी गाणं इथे छान घुमतं. तुम्हाला खडकाचे आकार पाहायचे असतील तर आधीच 'सिगा, सिगा' म्हणजे हळू हळू असं सांगा, होडी भिंतीजवळून नेतात. पूर्ण फेरी पंधरा मिनिटांच्या आसपास. गर्दी असेल तर दहाच, म्हणूनही उशिरा गेलेलं बरं.

तळ्यात एक लहान बेट आहे. पडलेल्या दगडांचा ढिगाराच तो. तळ्याची पहिली शास्त्रीय पाहणी ग्रीक गुहासंशोधक यानिस पेत्रोखिलोस यांनी १९५१ मध्ये केली. पुढे १९६२ साली या छोट्या बेटावरच्या उत्खननात इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या शतकातल्या मातीच्या वस्तू मिळाल्या : पान या ग्रीक देवाची आकृती, नाचणाऱ्या अप्सरांची तबकडी. म्हणजे इथे पूजा होत होती. या वस्तू आर्गोस्तोलीच्या पुरातत्त्व संग्रहालयाच्या आहेत, ते उघडं आहे का ते आधी चौकशी करून जा. छत १९५३ च्या भूकंपात कोसळलं असं जागोजागी वाचायला मिळतं. ते पूर्णपणे पटत नाही. ढिगाऱ्यावर सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचे नवस सापडत असतील, तर छताचा निदान काही भाग त्याच्या कितीतरी आधी पडलेला असणार. १९५३ ने त्यात भर घातली असेल.

फोटोबद्दल : फोन प्रकाशाचा सरासरी अंदाज घेतो आणि निळा रंग पांढरट करून टाकतो. स्क्रीनवर उजळलेल्या पाण्याला बोट लावून प्रकाश कमी करा. फ्लॅश बंद. कॅमेऱ्याला पोलरायझर असेल तर पृष्ठभागावरची चकाकी जाते आणि तळ उघडा होतो.

तिथून काराव्होमिलोसचं तळं चालत पंधरा-वीस मिनिटांवर. बरेच लोक इथे येतच नाहीत, आणि हीच गोष्ट आम्हाला खटकते. समुद्राला अगदी लागून, बांध घातलेलं गोलसर तळं. काठावर झाडं, बदकं आणि पाणचक्कीचं चाक. पाणी तळातून वर येतं आणि बांधावरून समुद्रात पडतं. नीट बघा : तळ्याची पातळी समुद्रापेक्षा वर आहे. पश्चिमेला समुद्रातून खाली गेलेलं पाणी इथे त्याच समुद्रात वरून पडतंय. पहिल्या दिवशीचा पेच इथे डोळ्यांसमोर सुटतो. तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही. जवळच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरलात तर कोमट समुद्रात मध्येच बर्फासारखा गार पट्टा पायाला लागतो, ते खालून येणारं झऱ्यांचं पाणी.

चौथा दिवस : सामीच्या आसपास

मुक्काम सामीत ठेवला तर सकाळी आंदिसामोसला जावं, चार-पाच किलोमीटर. पांढऱ्या गोट्यांचा किनारा, तिन्ही बाजूंनी हिरवे डोंगर. रबरी तळव्याचे बूट घाला, गोटे गरम होतात आणि टोचतात. पाणी चार पावलांत खोल होतं. सामीच्या वरच्या टेकडीवर प्राचीन सामीच्या तटबंदीचे प्रचंड दगड आहेत. रोमनांनी इ.स.पू. १८८ मध्ये चार महिने वेढा घालून हे शहर घेतलं. वर सावली नाही, पाणी नाही, त्यामुळे सकाळी नऊच्या आत उरकावं.

उत्तरेकडे आया एफिमिया हे लहान बंदर जेवायला चांगलं. तिथून डोंगर ओलांडला की मिर्तोस. वरच्या रस्त्यावरून दिसणारा पांढऱ्या-निळ्याचा पट्टा पाहण्यासारखाच आहे, पण पोहताना सांभाळून. किनारा एकदम खोल होतो, वारा असेल तेव्हा परतणारी लाट पाय ओढते. पोहता न येणाऱ्यांनी गुडघ्याच्या पुढे जाऊ नये. आसोस त्याच्या पुढे, चिंचोळ्या भूशिरावर व्हेनिसकालीन किल्ला असलेलं गाव. भूकंपानंतर पॅरिसच्या लोकांनी ते उभं करायला मदत केली म्हणून तिथला चौक पॅरिसच्या नावाने आहे.

एखादा दिवस हाताशी असेल तर सामीहून समोरच्या इथाकी बेटावरच्या पिसाएतोसला फेरी जाते. पिसाएतोसच्या धक्क्यावर गाव नाही, दुकान नाही, बस नाही. गाडी फेरीत घालून न्या किंवा टॅक्सी आदल्या दिवशी सांगून ठेवा.